भूल द्यायची की नाही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ज्याने तुला शुद्धीत ठेवून तुझा पाय कापला, तो मोठा डॉक्टर मुतखड्याने गडाबडा लोळतोय. शुक्रवारी शस्त्रक्रिया आहे, आणि ईथरचा रुमाल हुंगवून भूल देणार मी.

ईथर तेव्हाही कपाटात होतं. पण वेदनेनेच रोगी तगतो, असं त्याचं म्हणणं. तू किंचाळलीस तेव्हा, बायका नाटकीच, असं तो विद्यार्थ्यांना म्हणाला. मी दाराबाहेर होतो. मला नेमलंय तेही पैसेवाल्यांसाठी. गरिबांना तो अजून दोराने बांधूनच कापतो.

आज माझा हात धरून म्हणाला की ईथर भरपूर दे. मी तुझा भाऊ, हे त्याला ठाऊक नाही. काय करू?

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रापायी भाजी करपली. तुझे भावजी मुकाट जेवले, मग विचारलं की पत्रात कोण गेलं. म्हटलं, अजून कोणी नाही.

विचारतोस काय? रुमाल कोरडा ठेव. शेजारच्या सुताराने करवत काढली की मी आजही खिडक्या लावून घेते. त्यालाही तसं काहीतरी जन्मभर पुरू दे. लोक म्हणतात, क्षमा कर. लोकांना दोन्ही पाय आहेत.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, तुझं निम्मंच ऐकलं. हलू नये म्हणून त्याला टेबलाला बांधलं, दुसऱ्या डॉक्टरने चाकू मांडले, विद्यार्थी जमले. मी कोरडा रुमाल घेऊन उभा राहिलो आणि मी कोणाचा भाऊ ते सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा शास्त्रच तसं होतं. मी म्हटलं, मग आजही त्याच शास्त्राने होऊ दे. त्याला दरदरून घाम फुटला. तो रडला, आईला हाका मारू लागला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग सगळ्यांदेखत त्याच्याकडून शब्द घेतला, की यापुढे इथे कोणालाही जागेपणी कापायचं नाही. तो मिळाल्यावरच रुमाल भिजवला. खडा निघाला, माणूस वाचला.

रागाव, पण लिहीत जा.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले. तुझं पत्र उशाखाली दडपून ठेवलं, पुन्हा काढलं. आईला हाका मारल्या तिथवर वाचायचं आणि थांबायचं, असं चाललंय. मीही आईलाच हाक मारली होती. तेव्हा तो हसला होता.

भीतीपोटी दिलेला शब्द टिकत नसतो, म्हणून तू तिथून हलू नकोस. एखादी गरीब बाई त्याच्या टेबलावर शांत झोपली की विद्यार्थी त्याच्याकडे बघतील, आणि का बघतात ते त्याला कळेल. शिक्षा पुरेशी नाही. पण रोजची आहे, म्हणून चालवून घेते.

लोभ तुझ्यावर आहे तसाच राहील. त्यातला थेंबही त्याच्यासाठी मागू नकोस.

तुझी,
ताई