जपानची गादी आणि आपली गिरणी

आबा, जपानच्या राजाचं मी एक वेळ समजू शकते. त्याला गादी आहे, महाल आहे, पुढंमागं माणसं आहेत. तुमच्याकडं काय होतं? पत्र्याच्या शेडमधली एक पिठाची गिरणी, धूर ओकणारं एक इंजिन आणि चार मुली. तरी तोरा राजापेक्षा मोठा. गिरणीला वारस पाहिजे, वारस म्हणजे मुलगा पाहिजे, स्वतःला झाला नाही तर भावाचा चालेल, पण पाहिजे मुलगाच. म्हणून काकांचा अकरा वर्षांचा धाकटा आणून मांडीवर बसवलात, दत्तक म्हणून. ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली हे त्याला दळून झाल्यावरसुद्धा सांगता येत नव्हतं. आणि मी चौदा वर्षांची, तुमची चौथी, तिथंच पाट मांडत होते. त्याचा पाट. मीच मांडला. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली, तुम्हाला जाऊनसुद्धा अठरा झाली, आणि मला राग आता येतोय. तोही इंग्लंडात, एका जपानी बाईच्या घरी इस्त्री करताना.

ही बाई पिनरला राहते. आमच्यापासून बसनं दहा मिनिटं. तिचा नवरा कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याकडं इस्त्री आणि साफसफाईला जाते. तिला इंग्लिश माझ्याइतकंच येतं, म्हणून आमचं जमतं. इंग्लिश बायकांशी बोलताना मला चुकायची भीती वाटते, हिच्याशी आम्ही दोघी मिळून चुकतो. उन्हाळ्यात तिला माहेराहून एक व्हिडिओ कॅसेट आली, त्यांच्या युवराजाच्या लग्नाची. मला म्हणाली, आयर्न स्टॉप, सिट. बसले. टीव्हीवर ती नवरी, अंगावर एकावर एक इतके कपडे चढवलेले की कांद्याचे पापुद्रे परवडले. डोळे खाली, पाऊल मोजूनमापून. मी म्हटलं, नाइस. बाई म्हणाली, व्हेरी क्लेव्हर. अमेरिकेत शिकली, इथं इंग्लंडात शिकली, त्यांच्या सरकारच्या परदेश खात्यात ऑफिसर होती. मी विचारलं, अँड नाउ? तिनं दोन्ही हात झटकले. फिनिश. नाउ जॉब इज बॉय. मला वाटलं हाताखाली कुणी नोकर पोरगा दिलाय तिला. मी विचारलं, विच बॉय? तर बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागली. बेबी बॉय, म्हणाली. बेबी बॉय इज जॉब.

मग तिनं एका पाकिटाच्या पाठीवर मला ते राजघराणं काढून दाखवलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाया म्हणजे गोल. राजा, त्याचे दोन मुलगे, एक मुलगी. धाकट्या मुलाला आधीच एक मुलगी झालेली, ती चालायची नाही. मुलींचं लग्न घराबाहेर झालं की त्या घराण्यातून बाद, असं म्हणून तिनं एकेका गोलावर पेन्सिलीनं फुली मारली. मी विचारलं, आणि मुलीचा मुलगा? नो. ओन्ली फादर साइड. लाँग टाइम बिफोर, म्हणाली, बाया पण गादीवर बसलेल्या आहेत. आता नाही, आता कायदा आहे. मी ते पाकीट हातात घेऊन बघतच बसले. नुसत्या फुल्या. आबा, आपलं घर काढलं असतं तर पानभर फुल्याच झाल्या असत्या, आणि एका कोपऱ्यात उसना आणलेला एक चौकोन.

मी तिला विचारलं, मग तुमच्याकडं सगळ्यांचं असंच का? तर तिनं सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तिच्या वडिलांना तीन मुली, मुलगा नाही. वडिलांचं टोफूचं दुकान. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर समजा. त्यांनी काय केलं, तर थोरल्या मुलीच्या नवऱ्यालाच दत्तक घेतलं. त्यानं ह्यांचं आडनाव लावलं, ह्यांच्या घरात राहायला आला, आणि आज दुकान थोरली बहीण आणि तो मिळून चालवतात. मी म्हटलं, पीपल लाफ? लोक हसत नाहीत? ती म्हणाली, व्हाय लाफ? टोफू इज गुड. राजाला तसं करता येत नाही, त्याला दत्तकच घेता येत नाही म्हणे, पण टोफूवाल्याला येतं. म्हणजे बघा, जपानातले दुकानदारसुद्धा राजाची नक्कल करत नाहीत. ती तुम्ही केलीत. सातारा जिल्ह्यात बसून.

दत्तकविधान झालं त्या दिवशी मी काय बोलले ते आठवतं? जेवणं उरकली होती, भटजी निघाले होते, तुम्ही ओसरीवर पान लावत होता. मी म्हटलं, आबा, त्याला शाळा शिकवा, गिरणी मी बघते की. मला चौथीनंतर शाळेतून काढलीच होती, सकाळपासून गिरणीतच असायचे मी. गव्हावर गहू घ्यायचा, ज्वारीवर ज्वारी, कुणाच्या डब्यात दुसऱ्याचं पीठ जाऊ द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पीठ चिमटीत धरलं की कळायचं, दगड बोथट झालाय. दगडाला टाकी लावायला, नव्यानं खाचा पाडायला बसायचे तर तुम्ही दुसऱ्या बाजूनं छिन्नी मारायचात आणि माझी बाजू आधी व्हायची. आणि तुम्ही काय म्हणालात? पोरीच्या हातात गिरणी देऊन गावाला हसायला लावू काय. सगळ्यांदेखत. काकू फिदीफिदी हसली. मी आत जाऊन त्याचं ताट घासलं. पुढं त्यानं काय दिवे लावले ते तुम्ही बघितलंच. दोन पावसाळे गिरणी चालवली आणि ठाण्याला निघून गेला. इंजिन तिथंच गंजलं. तुम्हाला अग्नी द्यायला मात्र आला हो, टॅक्सी करून. मी इकडं हॅरोच्या शाळेत डिनर लेडी, तीनशे पोरांना बटाटे वाढत होते त्या वेळी. तार चार दिवसांनी मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, हे उकरून काढायची आज काय गरज पडली. पडलीय. माझ्या पोरीचं लग्न ठरलंय. माझी एकुलती एक, इथंच जन्मली, क्रॉयडनला एका केमिस्टच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. मुलगा कार्डिफच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आपल्याकडचाच, चांगला आहे. नोकरी सोडून कार्डिफला जायला ती तयार आहे, तिकडं दुसरी मिळेल म्हणते. भांडण एकाच गोष्टीवरून पेटलंय. त्यांच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव नाही, ते तर जातंच. पहिलं नाव. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, तसं. पोरगी भडकली. मला म्हणते, "मम, माझी नाव का बदलायची? माझा काय चुकला?" मराठी असं मोडकं, पण राग अस्सल. मी तिला म्हटलं, अगं जपानच्या त्या नवरीनं बघ, सगळं सोडलं. तर म्हणते, "म्हणूनच तर! तू मला तिचं एक्झाम्पल देतेस?" मी म्हटलं, आपण नशीबवान, इथं गादीवर राणी आहे, टपालाच्या तिकिटावर बाईचं तोंड आहे. त्यावर म्हणते, "तिला भाऊ असता तर त्याचं असतं. चेक कर." म्हणजे इथंही तेच. मला वीस-पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. तुमच्या जावयांना विचारलं तर ते म्हणतात, तुम्ही बायका काय ते ठरवा, आणि पेपर तोंडापुढं.

परवा रविवारी विहीणबाईंचा कार्डिफहून फोन आला. बोलायला गोड, पण सोडणाऱ्यातली बाई नाही.

"अहो विहीणबाई, मुलीची समजूत काढलीत ना? नाव आम्ही ठरवून ठेवलंय. मांडवात तिनं तोंड वाकडं केलं तर बरं दिसणार नाही."

मी म्हटलं, "ती म्हणते, आहे ते काय वाईट आहे."

"वाईट कुठं म्हणतेय मी? पण माझं बदललं, माझ्या सासूबाईंचं बदललं. नाव बदलल्याशिवाय मुलगी आमच्या घरची झाली असं वाटतं का? तुमचंही बदललंच असेल की."

"बदललं."

"मग? तुम्हाला काही झालं का?"

आणि तोंडातून काय निघावं, तर म्हणाले, "मी वडिलांना विचारून सांगते."

"अगं बाई! वडील आहेत तुमचे?"

"आहेत की."

"मग बोलवा ना लग्नाला! पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते त्यांची. शुक्रवारी फोन करते मी, तोवर विचारून ठेवा."

फोन ठेवला तर पोरगी दारात उभी, हातात टोस्ट. म्हणाली, "आजोबा तर गेलेत. तू खोटं का बोललीस?" मी म्हटलं, सुचलं नाही काही. मग तिनं विचारलं ते तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. "मम, तुझं पण बदललं? मग तुझी आधीची नाव काय होती?" मी म्हटलं, टोस्ट गार होतोय. ती म्हणाली, गुरुवारी माझा हाफ डे आहे, मी लवकर घरी येते, तेव्हा सांग. तू हो म्हण म्हणालीस तर मी विचार करेन, पण आधी तुझं सांग. म्हणजे घोडं माझ्यापाशी येऊन अडलं.

आबा, तिला काय सांगू? चौथीही मुलगीच झाली म्हणून तुम्ही माझं नाव 'नको' या शब्दावरूनच ठेवलंत, म्हणजे देवाला समजावं आणि पाचवा मुलगा व्हावा. पाचवं झालंच नाही. पण नाव राहिलं. शाळेच्या रजिस्टरात तेच, मास्तर हजेरीला तेच ओरडायचे, पोरं हसायची. दळणाला आलेल्या बायका चुकचुकायच्या. माझ्या पासपोर्टावर ते नाही, इथल्या कुठल्याच कागदावर नाही, तुमच्या जावयांनीसुद्धा पंचवीस वर्षांत कधी उच्चारलेलं नाही. आणि माझ्या लग्नात त्यांनी तांदळात अंगठी फिरवली तेव्हा मी मान वर करून वाचत होते. नवरीनं मान वर करायची नसते, पण मी वाचलं. देवीचं नाव होतं. तुम्हीही वाकून वाचलंत आणि म्हणालात, चांगलं आहे. तेवढंच. आई रडत होती, बहिणी रडत होत्या, मलाही सगळे म्हणाले रड बाई, पण मला रडू येईना. मला आनंद झाला होता, आबा. माहेर सुटल्याचा नाही, त्या नावातून सुटल्याचा. ताटातले मूठभर तांदूळ मी पदराला बांधून घेतले होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

म्हणून मला विहीणबाईंना ठणकावून नाही म्हणता येत नाही. आणि पोरीला हो म्हण असंही म्हणता येत नाही, कारण तिचं नाव मी ठेवलंय. हवी होती म्हणून ठेवलंय. तिला पुसण्यासारखं काही दिलेलंच नाही मी. ज्यानं माझी सुटका झाली त्यानं तिची लूट होणार, हे मला समजतं, पण हे फोनवर त्या गोड बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं? आणि तिला सांगण्याआधी पोरीला सांगावं लागेल, आणि पोरीला सांगायचं तर ते नाव तोंडात घ्यावं लागेल. एवढी पानं लिहिली, बघा, एकदाही लिहिलं नाही. पाकिटावर तुमचा पत्ता काय घालायचा तेही माहीत नाही, त्यामुळं हे आपलं चहाच्या डब्याखाली राहणार.

पण उत्तर मला पाहिजे. तुम्ही दत्तक का घेतलंत ते विचारत नाही, ते जपानी बाईनं पाकिटावर काढून दाखवलंय. मला दुसरंच विचारायचंय. गिरणीत तुम्ही मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. घरात मारायचात, गिरणीत नाही. पट्टा घसरला, इंजिन अडलं, दगड तापला, की "बघ गं, काय झालंय" म्हणायचात आणि बाजूला सरकायचात. मी हात घालेपर्यंत कुणाला पुढं येऊ द्यायचा नाहीत. तेव्हा तरी मी हवी होते का? लांबण लावू नका, हो की नाही तेवढं सांगा. पोरगी गुरुवारी दोन वाजता घरी येते. त्याच्या आत.