गाद्यांच्या गोदामातलं डेथ मेटल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (गादीवर पालथा पडूनच लिहितो आहे, त्यामुळे वेगळा घालावा लागला नाही.) तू कशी आहेस? आईला विचारलं की ती विषय बदलते. भाऊजींची कंबर काय म्हणते? इकडे आम्ही सगळे मजेत, म्हणजे झोपेत आहोत.

बातमी अशी, की एका तपानंतर आपल्या बँडचा नवा अल्बम होतो आहे. हसू नकोस. तू गिटारसकट नोकरीसाठी गेलीस तेव्हा बँड जो बसला तो बसलाच होता. आधी घरी सराव करून पाहिला, तर माझ्या गाण्यातल्या पहिल्याच डरकाळीला वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी स्वतःची नाडी तपासली (असं त्यांच्या सूनबाई सांगून गेल्या, आणखीही बरंच काही सांगून गेल्या). मग दुकानामागचं आपलं गोदाम उघडलं. दुपारी दुकान बंद असतं, आणि छतापर्यंत गाद्या लावल्या की यमाला हाक मारली तरी आवाज दाराबाहेर जात नाही. पण ताई, मऊ गादी आणि चाळिशी यांची गाठ पडली, की डेथ मेटलचं काही चालत नाही.

त्यात आमचे धंदे बघ. मी गाद्या विकतो. ड्रमवाला पाळणाघर चालवतो. दिवसभर पोरांना थोपटून त्याचा हात असा बसलाय, की कत्तलीचं गाणं चालू असतानाही दुसऱ्या कडव्याला तो ड्रम थोपटायला लागतो. बेसवाला भूलतज्ज्ञ. गाणं सुरू करताना तो सवयीने दहापासून उलटे आकडे मोजतो, आणि सहाच्या पुढे आजवर कुणी जागं राहिलेलं नाही. परवा दार चुकून उघडं राहिलं आणि सासऱ्यांसाठी गादी शोधणाऱ्या एक बाई आत आल्या. आम्ही तिघं तीन दिशांना घोरत होतो. त्यांनी मला हलवून उठवलं, माझ्याखालच्या गादीवर बोट ठेवलं आणि हीच हवी म्हणाल्या. (रेकॉर्डिंग चालूच होतं. ते घोरणं सातव्या गाण्यात ठेवलंय. माझ्या आवाजापेक्षा भयानक आहे, असं दोघांचं मत पडलं.)

तरी नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ‘उशाशी मृत्यू’. दहावं मात्र अडलंय. सराव संपल्यावर गच्चीवर तू वाजवायचीस ती धून, तिच्यावरच ते बेतलं आहे. दुपारी झरोक्यातून उन्हाची तिरीप येते, कापूस तरंगत असतो, डोळा लागतो आणि धून अख्खी ऐकू येते. गच्चीभर पाणी असतं, तू टाकीला टेकून पाण्यात पाय सोडून वाजवत असतेस, आणि माझी डरकाळी कुणालाही न घाबरवता होडीसारखी त्यावरून निघून जाते. जाग आली की धून अर्धीच उरते. ड्रमवाल्याला दुसरीच अर्धी आठवते. दोन्ही जोडून पाहिल्या, तर पाळणाघरातलं बडबडगीत झालं. तुझ्याशिवाय ती कुणाला येत नाही, ताई. आणि तुझी फार आठवण येते.

भाऊजींना नमस्कार, भाचीला मामाची एक हलकी डरकाळी.

तुझा,
धाकटा

ता. क. दहाव्या गाण्यात तुझ्या धुनेपुरती जागा मोकळी सोडली आहे. गिटार घेऊन ये. अल्बम तेवढ्यासाठी थांबवलाय.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात आईने तोंड उघडलं. नोकरीतल्या त्या कंट्रोल रूमच्या रात्रपाळ्यांपासून तुला झोपच लागत नाही म्हणे, आणि गिटार माळ्यावर टाकलीस. सगळ्या जगाला झोपवणारे तिघं घरचे असताना तू छताकडे बघत पडतेस आणि आम्हाला कळवत नाहीस? वर लिहिलेलं सगळं सोड. अल्बम गेला खड्ड्यात. तू नुसती ये. झरोक्याखालची सगळ्यात चांगली गादी विकायची नाही म्हणून बाजूला काढली आहे. आकडे मोजायला भूलतज्ज्ञ आहे, थोपटायला ड्रमवाला आहे. मी तोंड मिटून बसेन.

ता. क. ३. झोपेत गुणगुणलीस तर मात्र आधीच सांगून ठेवतो, रेकॉर्डिंग चालू असेल.