विहिरीवरचा पांढरा थर

गुरुवार, संध्याकाळ. बीड.

हाताला अजून ब्लीचिंग पावडरचा वास येतोय. दोनदा साबण लावला, तरी.

नेकनूरच्या पुढच्या वस्तीवर जुलाब-उलट्या सुरू आहेत. सोमवारी एक बाई गेली, तपासणीत कॉलरा निघाला. तो विहिरीतून पसरतोय का, हे बघायला आज पाण्याचा नमुना घ्यायला गेले. येतेय म्हणून काल सरपंचांना कळवलं होतं. पोचले तर पाण्यावर पांढरा थर. सकाळीच अख्खं पोतं ओतलेलं. आता त्यात जंतू कुठून सापडणार? अहवाल येईल, पाणी चांगलं. तो दाखवून सगळे तेच पाणी पीत राहतील.

चिडले. पण कोणावर? सरपंच शाबासकीची वाट बघत असल्यासारखे उभे. गेलेल्या बाईचा नवरा माझ्यासाठी जारचं पाणी घेऊन आला. "मॅडम, तुमी हेच प्या." पोतं त्यानेच ओतलं होतं. त्याच्या हातालाही हाच वास.

निघताना सरपंचांना विचारलं, "उद्याही पावडर टाकणार ना?"

"उद्या कावून? उद्या कोण येणार हाय?"