गोगलगायींचा निरोप

अण्णा, तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मी तुमच्याच शेतकी खात्यात लागले. बेंबळीच्या बाजूची चार गावं माझ्याकडं आहेत. तुम्ही सायकलवर फिरून चावडीच्या फळ्यावर खडूनं सल्ला लिहायचात, मी मोबाइलवर बोलून तो गावांच्या ग्रुपवर टाकते. काम तेच, असं मी यंदाच्या आषाढापर्यंत मानत होते.

मी सहावीत होते, तुम्हाला ताप होता आणि हरभऱ्यावरच्या अळीचा सल्ला फळ्यावर लिहायला तुम्ही मला पाठवलंत, ते आठवतं. औषध लिहिलं, माप लिहिलं, फळा भरला. ‘फवारलेल्या रानातला हरभऱ्याचा ओला डहाळा खाऊ नये’ ही शेवटची ओळ बसेना, तशीच घरी आले. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही बाजेवर पडून विचारताय, "काय काय लिहिलंस?" मी सांगितलं आणि तुम्ही उठूनच बसलात. "जागा संपली म्हणून माणसाला अर्धं सांगायचं? जे लिहिलं न्हाय ते त्यांना कसं कळावं?" आई नको नको म्हणत असताना अंगावर चादर घेऊन, माझं मनगट धरून तुम्ही चावडीपर्यंत चालत आलात. सगळा फळा पुसायला लावलात. मनगटाला तुमच्या तापाचा चटका बसत होता, आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

यंदा सोयाबीन दोन पानांवर आलं आणि शंखी गोगलगायी निघाल्या. सकाळी रानात जावं तर ओळीच्या ओळी कुरतडून साफ. फोन थांबेनात. "मॅडम, आजच्या आज काय तरी सांगा, न्हायतर रान मोडावं लागंल." एका बांधावर उभं राहून मी निरोप बोलायला घेतला. ओली पोती अंथरा, खाली जमलेल्या गोगलगायी पहाटे वेचा, मिठाच्या पाण्यात टाका, धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, चुना टाका. लईच असतील तर भुसा आणि गुळात औषध कालवून ठेवा. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. मी निरोप तिथंच तोडला आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला एका शेतकऱ्याचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं म्या. शेजारच्या मावशीच्या शेळ्यांनी ते खाल्लंय." मावशी एकटी बाई, सात शेळ्या हाच तिचा संसार. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून मी निघाले. लिंबाखाली शेळ्या आडव्या पडलेल्या, तोंडाला फेस, पाय झाडतायत. डॉक्टर येईपर्यंत आम्ही तिघं त्यांची तोंडं धूत होतो. एक मावशीच्या मांडीवरच गेली. डॉक्टरांनी भराभर इंजेक्शनं दिली, तरी आणखी दोन गेल्या. चार वाचल्या.

तोवर गाव जमलं होतं. कुणीतरी त्या शेतकऱ्याला म्हणालं, "शेळ्या रानात शिरतात म्हणून तूच मुद्दाम टाकलंस, व्हय ना?" तो मोबाइल काढून म्हणाला, "मॅडमचा निरोप ऐका की! त्यात जनावराचं कायबी न्हाय." त्यानं ग्रुप उघडला. निरोपाच्या जागी ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ एवढंच होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी सांगितलं, अण्णा. निरोप माझाच होता, जनावरं दूर ठेवा हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, यात त्याचा दोष नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मावशी वाचलेल्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं तर म्या तिकडं नेल्याच नसत्या, बाई." दुपारभर मी चारही गावांत दारोदार फिरले. ठेवलेलं आमिष उचलायला लावलं, खड्ड्यात पुरायला लावलं. ऑफिसला सगळं लेखी दिलं. आता निरोप बोलायच्या आधी मी तो कागदावर लिहून घेते, आणि काय करू नये ते पहिल्यांदा सांगते. तो शेतकरी अजून सल्ला विचारतो, पण मी बोलत असताना आता तो वहीत लिहून घेतो.

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. त्या दिवशी लिंबाखाली कुणीतरी विचारलं होतं, निरोप पुसला कशाला? मी म्हणाले, दुरुस्त करून परत टाकायचा होता म्हणून. सगळ्यांना ते पटलं, ऑफिसलाही पटलं. पण तेव्हा दुरुस्तीचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता. त्या शेतकऱ्याचा फोन ठेवल्यावर मी आधी निरोप पुसला, अण्णा, आणि डॉक्टरांना फोन त्याच्यानंतर लावला.