सासूबाई आणि मी, एकाच वर्गात

तीर्थरूप नानांना जावयाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा जिना चढताना दुखत नाही, फक्त उतरताना दुखतो, हे वाचून निम्मं समाधान झालं. (तुमची लेक म्हणते, मग उतरूच नका. पण ती दिवसभर लोकांचं रक्त तपासते, गुडघ्याबाबत तिचं मत मी फारसं मनावर घेत नाही.) इकडे सर्व खुशाल. तुमच्या नातीला दोन दात आले असून ते चालतात की नाही हे ती माझ्या खांद्यावर तपासून पाहते. माझी तब्येत उत्तम आहे. ती नेहमीच उत्तम असते, पण विचारायची पद्धत आहे म्हणून तुम्ही विचारलंत, आणि सांगायची पद्धत आहे म्हणून मी सांगतो.

आता मुद्द्याकडे येतो. तुम्ही लिहिलंत की मी बोलण्यात पटाईत आहे, तेव्हा आईंना चार गोष्टी समजावून घरी पाठवून द्यावं, साठीला टेकल्यावर कसली पदवी घेताय म्हणावं. बोलण्यात पटाईत आहे ही गोष्ट खरी आणि तिची कदर करणारे घरात तुम्ही एकटेच. काम मी हाती घेतलं आहे. मात्र त्याआधी इथे काय काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं. नाहीतर उद्या कोणीतरी दुसरंच सांगेल आणि त्यात माझी बाजू नीट येणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी शाळांना बाकं आणि कपाटं विकायचो. गेल्या वर्षी एका विशेष मुलांच्या शाळेत गेलो, तर तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाकं ढीगभर आहेत, बाकाशेजारी जमिनीवर बसून शिकवणारी माणसं मिळत नाहीत. विद्यापीठात त्याची रीतसर पदवी आहे म्हणे, विशेष शिक्षणाची, आणि अर्ध्या जागा रिकाम्या राहतात. मी विचार केला, ज्या माणसाने खोल्याच नसलेल्या शाळेला कपाटं विकली, त्याला कोणाला काही शिकवणं जड का जावं? अर्ज भरायला निघालो. आई तेव्हा बाळंतपणासाठी आल्या होत्या, त्याही जरा मोकळ्या हवेत म्हणून बरोबर निघाल्या. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, दोघांचे अर्ज का? मी हसलो. आई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "द्या एक." टेलिफोन खात्यात असताना संध्याकाळच्या कॉलेजातून मिळवलेली पदवी त्यांच्याकडे होतीच. (ती इतकी वर्षं तुमच्या कपाटात तुमच्या सत्काराच्या शालींखाली होती, हे मला नंतर कळलं. मी त्यावर काही बोलत नाही.)

नाना, सासूबाई वर्गात असणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. ती आईंना काकू म्हणतात आणि मला "काकूंचे जावई". माझी स्वतःची ओळख पहिल्या आठवड्यातच संपली. आई पहिल्या बाकावर बसतात आणि शंका विचारतात. मी मागे बसून विनोद करू शकत नाही, कारण त्या न वळता ओळखतात. एकदा तासाला नाट्यीकरण होतं, एकाने रडणारं मूल व्हायचं आणि दुसऱ्याने शिक्षिका. प्राध्यापिकाबाईंनी आमची जोडी लावली. मी उत्तम रडलो. आईंनी भर वर्गात माझं नाक पुसलं, आणि तेही नीट, दोन्ही बाजूंनी. परीक्षेत त्या शेजारी आल्या, पण सासूबाईंच्या पेपरात डोकावणारा जावई कुठे पाहिलाय का तुम्ही? (मी एकदाच डोकावलो. त्यांनी कोपर आडवं ठेवलं.)

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या सत्रात आम्हाला सरावासाठी शाळेत पाठवलं, ती नेमकी बाकंवाल्या मुख्याध्यापिकांचीच शाळा. आम्हा दोघांत मिळून एक मुलगी दिली. दहा वर्षांची, स्वमग्न, बोलत नाही, आपल्याच नादात गुणगुणते. शाळेतलं कुठलंही उघडं दार, झाकण, खिडकी तिला खपत नाही, दिसलं की जाऊन बंद करते. म्हणून सगळी शाळा तिला मॅनेजर म्हणते. तिला हवी ती गोष्ट चित्रकार्ड दाखवून मागायला शिकवायचं, हा आमचा पाठ. कार्डं मी केली. नाना, ती कार्डं बघायला हवी होती तुम्ही. रंगीत, गुळगुळीत, कडा गोल कापलेल्या, रिंगेत ओवून गळ्यात घालायची सोय. आईंनी सुचवलं होतं की "दार उघड" असंही एक कार्ड करा, तिचं सगळं लक्ष दारांकडे असतं. मी म्हटलं, आई, दारं उघडायला आपण आहोत की. तीन आठवडे मी ती कार्डं मॅनेजरबाईंसमोर नाचवली. त्यांनी त्यांतलं एकही हातात घेतलं नाही.

मग तपासणीचा दिवस आला. प्राध्यापिकाबाई वही घेऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. या पाठावर माझं वर्ष अवलंबून होतं, कारण आधीच्या पाठाला बाईंनी फक्त "आवाज चांगला आहे" एवढाच शेरा दिला होता. आई मुलीला व्हरांड्यातून आत आणणार होत्या. मी फळ्यापाशी छाती काढून उभा. मॅनेजरबाई दारापर्यंत आल्या, आत एक नजर टाकली, दार उघडं आहे हे त्यांना पटलं नाही. त्यांनी ते बंद केलं आणि बाहेरून कडी घातली.

आत मी आणि परीक्षक. फोन नियमाप्रमाणे ऑफिसात जमा. खिडक्यांना गज. दाराला वरच्या अंगाला काच आहे, तिच्यातून मला आई स्वच्छ दिसत होत्या. मला वाटलं, आता आई कडी काढतील. आईंनी काढली नाही. शाळेतल्या मावशी धावत आल्या, त्यांनाही आईंनी हाताने थांबवलं. मी दारावर थापा मारल्या आणि जरा मोठ्याने बोललो. (बाईंच्या मते जरा नाही.) मॅनेजरबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ओरडू नका, ती घाबरते," आई काचेपाशी येऊन म्हणाल्या. "तुम्हाला बाहेर यायचंय ना? मग तिच्याकडे मागा."

"आई, परीक्षा चालू आहे."

"म्हणूनच म्हणते."

मी मागे बघितलं. मला वाटलं होतं बाई भडकल्या असतील. बाईंनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती.

तेव्हा मी गळ्यातली रिंग काढली आणि काचेला कार्डं लावायला लागलो. घाईत पहिलं लागलं ते पाण्याचं. मॅनेजरबाईंनी कानांवरचे हात काढले, ते निरखून पाहिलं, जाऊन पाण्याची बाटली आणली आणि दाराबाहेर ठेवली. नाना, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिने माझ्या कार्डाला उत्तर दिलं होतं, आणि बाटली दाराच्या पलीकडे होती. मी दुसरं लावलं, ते चेंडूचं. चेंडू आला. बाटलीशेजारी बसला. मग खडूने पाटीवर दार काढलं. माझी चित्रकला तुम्ही लग्नाच्या मांडवावरच्या मोरात पाहिली आहे, मला वाटतं तुम्ही त्याला कोंबडी म्हणाला होतात. तिने माझं दार पाहिलं, व्हरांड्यातलं कपाट उघडून दाखवलं आणि लगेच बंद केलं. तिचं चुकलं नव्हतं, ते कपाटच दिसत होतं. (बहुधा मीच विकलेलं.)

मग माझ्याकडे काही उरलं नाही. बोलून उपयोग नव्हता, कार्ड नव्हतं, चित्र येत नव्हतं. मी गप्प उभा राहिलो. मी खरोखरच गप्प उभा राहिलो, याला तीन साक्षीदार आहेत. ती काचेतून माझ्याकडे बघत होती, गुणगुणत होती. मी बोट कडीच्या दिशेने धरलं आणि नुसता थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही, मला सवय नसल्यामुळे फार वाटला. ती गुणगुणायची थांबली. माझ्या बोटाकडे बघितलं, कडीकडे बघितलं, आणि कडी काढली. दार पुरतं उघडून धरलं आणि मी बाहेर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. उघडं दार, नाना, तिने. मावशी म्हणाल्या की त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. आईंनी डोळे पुसले, मी नाही पुसले, माझ्या डोळ्यांत खडू गेला होता.

बाई बाहेर येताना म्हणाल्या, "आज तुम्ही तिच्या उत्तराची वाट पाहिलीत." आणि मला पास केलं. हा सगळा प्रयोग मीच घडवून आणला असं म्हणायला हरकत नाही, कारण "दार उघड" हे कार्ड मी केलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

तर तुम्ही म्हणता तसं आईंना समजावण्याचं काम मी लवकरच पुरं करतो, निश्चिंत असावं. गुडघ्याला जपावं. घरातल्या सर्वांचे तुम्हाला नमस्कार, धाकटीचा चावा.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. वर्षाचा निकाल लागला. आई पहिल्या आल्या. मीही पास आहे, फक्त एक विषय परत द्यायचा आहे. तो "पालकांशी संवाद" हा असणं हा निव्वळ योगायोग. तरी तुम्ही आईंना दोन ओळी लिहून त्यांची टिपणं मला द्यायला सांगावं. खरं तर हे पत्र त्यासाठीच. माझ्या सांगण्याचा उपयोग झालेला नाही.

ता. क. आणखी एक. त्या शाळेने आईंना पुढच्या वर्षी शिकता शिकताच अर्धा दिवस वर्ग सांभाळाल का म्हणून विचारलं आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. समजावण्याची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून "घ्या" असं निघून गेलं. क्षमा असावी.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, ओळखाल.) अहो, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. शुद्धलेखन सुधारलंय, बाकी आहे तसंच ठेवलंय. मी घरी येणार की नाही हे तुम्ही जावयांना विचारलंत, मुलीला विचारलंत, शेजारच्या वकिलांनाही विचारलंत असं ऐकलं. मला अजून कोणी विचारलेलं नाही. वर्ग दुपारी सुटतो. त्यानंतर फोन करा, मी उचलेन.