उजवीकडची खुंटी

मंगळवार, ता. ४, दुपार

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

पार्सल काल पोचलं. दोन चादरी, एक स्वेटर आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली. झाकण गच्च होतं म्हणून चादरी वाचल्या. वजन जास्त भरलं, पोस्टमनला वरचे बारा द्यावे लागले. पुन्हा बाटली पाठवू नका, तेल इथे सातला मिळतं. मला चिकट म्हणता ते काही खोटं नाही.

देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. यांची पायपीट चालूच. दिवसभर लोकांची घरं लोकांना दाखवायची आणि त्यातलं स्वस्तात पडेल ते आपल्यासाठी हेरायचं. तीन खोल्या झाल्या, भाड्याने दिल्यात. दलाली पोटाला, खोल्या म्हातारपणाला, असं यांचं म्हणणं.

स्वयंपाकघराच्या दाराशी दोन खुंट्या आहेत. डावीकडे विकायला आलेल्या घरांच्या किल्ल्या, उजवीकडे आमच्या. गुरुवारी पुसताना, तुम्ही यांच्याकडे विकायला दिलेल्या इथल्या घराची किल्ली उजवीकडे दिसली. चुकून गेली असेल म्हणून डावीकडे लावली. संध्याकाळी ती परत उजवीकडे.

विचारलं तर म्हणाले, "घरातलं घरातच राहतंय. ताईकडून दलालीसुद्धा घेत नाहीये मी. आणखी काय करायचं?"

तुम्हाला यांनी एकतीस लाखांचं गिऱ्हाईक कळवलंय. इथे एक नर्सबाई आणि तिचा नवरा अडतीसला तयार होते. चहा मीच दिला. हे त्यांना म्हणाले, घर गेलं. मधल्या सात लाखांवाचून लेकीशेजारी तुमची खोली होते की तिच्या पॅसेजमध्ये खाट टाकावी लागते, ते तुम्हीच जाणता.

कागदावर खरेदीदार बाईचं नाव तुम्ही ओळखणार नाही. ते माझं लग्नाआधीचं आहे. मागच्या महिन्यात यांनी माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागितलं होतं. मी ट्रंकेतून काढून दिलं, कशाला ते विचारलं नाही.

कळल्यावरही पाच दिवस गप्प बसले, वन्सं. तुमच्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं. तिथे माझे डबे कसे लावायचे, ते मनात ठरवूनसुद्धा झालं होतं. आज देवापुढे बसले तर जपाऐवजी तेच डबे. माळ खाली ठेवली आणि लिहायला घेतलं.

सहीचे कागद तुमच्याकडे आले असतील. सही करू नका. नर्सबाईचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. किल्ली याच पाकिटात आहे, चिंधीत गुंडाळून. खुंटीवर तिच्या जागी जुन्या कपाटाची लावली आहे. पंधरा तारखेला हे तुमच्या घराचं माप घ्यायला जाणार, तेव्हा कळेलच.

उत्तर माझ्या नावे नको, यांच्या नावे धाडा. घरात आलेलं पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवते. तुमचं उत्तरही दाखवीन, एक अक्षर न गाळता. फक्त पंधराच्या आत यायला हवं. सही करणार नाही, एवढं उलट टपाली कळवा.

कागदावर नाव कुठलंही असो,
तुमची भावजय