आमच्याकडे नवे सर्जन टिकत नाहीत, त्याविषयी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला (दोघांपैकी जास्त कुरकुरणारा आधी) आता कसे आहेत, ते कळव.

इकडे तरुण सर्जन मिळता मिळत नाहीत. जाहिरात दिली, तिघे आले. पहिल्याने विचारलं, जेवताना फोन येईल का. दुसऱ्याला खरं तर त्वचारोगात रस होता (मग आमच्याकडे कशाला आला, ते त्यालाही सांगता आलं नाही). तिसरीने एवढंच विचारलं, की सुरी माझ्या हातात कधी देणार. मी तिला तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

पण ताई, शिकवायचं म्हणजे भारीच अवघड. तिने टाका घालायला घेतला, की मी "वा, फक्त जरा असं" म्हणायचो, आणि बघता बघता चिमटा माझ्या हातात. शेवटी तिने राजीनामा टेबलावर ठेवला. मी गयावया केली. तेव्हा म्हणाली, पुढचं अपेंडिक्स मी करणार, तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचं.

राहिलो. हात मागेच होते, पण तोंडाविषयी काही ठरलं नव्हतं. थोड्या वेळाने ती मान वर न करता म्हणाली, "सर, बाहेर थांबता का?"

माझ्याच ऑपरेशन थिएटरबाहेर मी दाराच्या काचेला नाक लावून उभा! काचेवर वाफ धरायची, मी बाहीने पुसायचो. बाकावर पेशंटची बायको बसली होती. ती घाबरून उठली.

"डॉक्टर, तुम्ही इथे, मग आत कोण आहे?"

काय सांगणार? माझी विद्यार्थिनी म्हणालो असतो, तर बाई तिथेच कोसळल्या असत्या. "आत आमच्या सर्जन आहेत," मी म्हणालो, आणि हे आपण पहिल्यांदाच म्हणतोय, हे माझ्या लक्षात आलं. मग काच सोडून मीही बाकावर बसलो. बाईंना धीर द्यायला बसलो होतो, पण पाणी त्यांनीच मला आणून दिलं.

पेशंट ठणठणीत आहे. टाके इतके सुबक, की मला जरा रागच आला. राजीनामा तिने परत घेतला.

तुझा,
भाऊ

ता. क. भाचीला सर्जन व्हायचंय म्हणे. तिला माझ्याकडे पाठवू नकोस, आमच्या सर्जनबाईंकडे पाठव.

ता. क. पुन्हा: सोमवारी बाई माझं हर्नियाचं ऑपरेशन करणार आहेत. भूल फक्त कमरेखाली देणार, म्हणजे मी जागा असणार आणि बोलू शकणार. तू येऊन माझ्या उशाशी बस. एरवी नातेवाइकांना आत घेत नाहीत, पण तुझ्यासमोर माझा आवाज फुटत नाही हे कळल्यावर तुला बोलवायचं बाईंनीच ठरवलं.